पताकांपासून चार हात

सत्यशीलाने संगमरवरी पाटीवरून बोट फिरवलं. ‘कै. रावसाहेब यांच्या स्मरणार्थ’ एवढं वाचता आलं. पुढची ओळ वाचता येईना, कारण तिच्या मधोमध जाडजूड लोखंडी हूक ठोकलेला होता. त्याला बांधलेली रंगीत पताकांची दोरी पोहण्याचा टँक ओलांडून पलीकडच्या खांबाला गेली होती. शनिवार पेठेत देणगीदाराच्या पाटीला भोक पाडायचं म्हणजे छाती लागते. त्यापेक्षा देणगीदाराशी भांडणं सोपं.

“तुळजाबाई, ही दोरी इथे कधी आली?”

तुळजाबाई बायकांच्या खोलीच्या दाराशी स्टुलावर बसून टोकनं लावत होत्या. सत्यशीला पहिल्यांदा या टँकवर आली तेव्हाही त्या याच स्टुलावर होत्या.

“लई वर्सं झाली की. तुम्ही हैदराबादहून आलात ना, त्याच महिन्यात. सरांनी सोता ड्रिल मारलं. कमिटीवाले केवढे तणतणले. सर म्हणले, तुमच्या रावसाहेबांना पोहता तरी येत होतं का?”

सत्यशीला हसली नाही. टँकच्या उथळ टोकाकडे, पाटीपासून एक मोठं पाऊल सोडून, सिमेंटने बुजवलेलं एक जुनं भोक होतं. ते तिने पाहिलं. लहानपणापासूनचा हूक तिथे होता. मोजपट्टी लावायची गरजच नव्हती, मीटरभर अंतर सरळ दिसत होतं.

बॅकस्ट्रोक पोहणाऱ्याला भिंत दिसत नाही. तो आभाळाकडे बघत जातो. डोक्यावरून पताका गेल्या की टाकलेले हात मोजायचे आणि शेवटचा हात लांबवून भिंत गाठायची. पताका भिंतीपासून पाच मीटरवर लावायच्या, असा नियम आहे. या टँकवर नेमकी तिथेच पाटी होती. कमिटीने पाटीला हात लावू दिला नसणार, आणि पोहणं शिकवणाऱ्या संपत सरांनी “एवढ्याने काय होतंय” म्हणून हूक मीटरभर भिंतीकडे ठोकला असणार. नऊ वर्षांच्या सत्यशीलाला त्यांनी एवढंच सांगितलं होतं, पताकांपासून चार हात.

तिचे बाबा सरकारी नोकरीत, बदली होऊन चंद्रपूरहून आलेले. तिला टँकवर घातलं त्या दिवशी त्यांनी काठावर बसून ओंजळभर पाणी उचललं, बराच वेळ धरून ठेवलं आणि परत सोडलं. त्यांच्या आजोबांना गावच्या विहिरीवर चढायची मुभा नव्हती. पुढे नऊ वर्षं बाबा रोज पहाटे तिला सायकलवरून आणत राहिले. थंडीत पाण्यावर वाफ असायची, सरांची शिट्टी असायची, आणि घरी जाताना कागदात बांधलेले गरम शेंगदाणे. तेवढं सुख तिला पुन्हा कुठे मिळालं नाही.

सोळाव्या वर्षी ती ज्युनिअर गटात देशात पहिली आली. तेव्हा बाकीच्या मुली इतक्या मागे असत की भिंतीशी झालेली चूक खपून जायची. त्र्याण्णव साली हैदराबादला, मोठ्यांच्या गटात, तसं नव्हतं. सकाळच्या फेरीनंतर ती ओल्या अंगाने सरांकडे गेली होती.

“सर, इथे पाचवा हात लागतोय.”

“लागत नाही. तू आखडतेयस. हात लांब टाक. चार म्हणजे चार.”

संध्याकाळी अंतिम फेरीत तिने चार मोजले. वळताना पाय भिंतीला जेमतेम टेकले. शेवटी ती सगळ्यांच्या पुढे होती. चौथा हात लांबवला आणि भिंत आलीच नाही. ती तशीच घसरत राहिली, तेवढ्यात शेजारच्या लेनमधली मुलगी टेकली. तीन शतांश सेकंद. परदेशी जाणाऱ्या संघात जागा एकच होती.

परतीच्या गाडीत सर म्हणाले, “घाई केलीस.”

त्यानंतर ती टँकवर आली नाही आणि सरही घरी आले नाहीत. ती इंजिनिअर झाली, हिंजवडीत लागली. कंपनीच्या आवारात निळाशार पूल आहे, तिकडे ती फिरकत नाही. साधा ईमेलही ती तीनदा वाचून पाठवते. बरोबरीच्यांना वाटतं, स्वभाव आहे. घाई केलीस, हे ती दहा वर्षं ऐकत होती.

आणि चूक हुकाची होती हे सरांना महिनाभरात कळलं होतं.

उद्यापासून टँक रिकामा करणार होते. इथे कसलासा क्लब होणार होता. साडेआठ वाजता सरांचा निरोपाचा सत्कार होता. बाहेर खुर्च्या मांडून झाल्या होत्या. सत्यशीलाने सरांविषयी चार शब्द बोलावेत, असं कमिटीने कळवलं होतं. सरांचा निरोप मात्र वेगळा होता. पोहण्याचा पोशाख घेऊन आठलाच ये.

“आलीस? कंपनीने सोडलं वाटतं.”

संपत सर पांढऱ्याशुभ्र झब्ब्यात उभे होते. बायपासनंतर ते पाण्यात उतरत नसत, असं तिने ऐकलं होतं. गळ्यात स्टॉपवॉच मात्र होतं.

“सर, तो हूक.”

“हं.”

“मला सांगायचंत तरी.”

सरांनी स्टॉपवॉच उगाच झब्ब्याला पुसलं. त्यांनी सबब सांगितली असती तर ती भांडली असती, किंवा रडली असती.

“पाण्यात उतर,” ते म्हणाले. “एकच लांबी. पलीकडून इकडे. पताकांपासून किती?”

तिला संताप आला.

“चार,” ती म्हणाली.

“चारच मोज.”

सरळ निघून जावं असं तिला वाटलं. पण पलीकडच्या टोकाला जाऊन ती पाण्यात उतरली आणि त्या थंड पाण्याने तिचे खांदे ओळखले. शिट्टी झाली. आभाळ तेच होतं, फक्त डाव्या कोपऱ्यात एक उंच इमारत आली होती. दम लागला, मांड्या भरून आल्या, पण हात आपोआप पडत होते. पताका डोक्यावरून गेल्या. एक. दोन. तीन. चौथा हात तिने मुद्दाम लांबवला. भिंत नाही हे माहीत होतं.

बोटं एका तळव्याला लागली.

ती गडबडून उभी राहिली. सर छातीभर पाण्यात होते. नवा झब्बा फुगून वर आला होता. एका हाताने त्यांनी स्टॉपवॉच डोक्याच्या वर धरलं होतं आणि दुसरा तळवा तिच्या बोटांपुढे तसाच उघडा होता. त्यांच्या पाठीमागे भिंत अजून मीटरभर लांब होती.

“पाचवा लागत होता,” सर म्हणाले.

बाहेर माईकवरून कुणीतरी सत्कारमूर्तींना बोलावत होतं. सर जागचे हलले नाहीत. त्यांना तिच्यापेक्षा जास्त धाप लागली होती.

“माझ्या बाबांनाही सांगा,” ती म्हणाली. “पुढच्या रांगेत बसलेत.”

“सांगतो. माईकवरूनच सांगतो.”

तिने डोळे पुसले. ओल्या चेहऱ्यावर ते दिसलं असेल-नसेल.

“किती सेकंद लागले?”

“अजून थांबवलं नाही. तू टेकलीस कुठे?”

सर बाजूला सरकले. ती पुन्हा पाठीवर झाली, एकच हात टाकला आणि भिंत गाठली. मागे घड्याळाचं बटण दाबल्याचा आवाज आला.