तळघरातला बंब

ऊर्मिला हॅनोव्हरमधल्या पंप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होती. ऑफिसात दिवसभर नळ्या-व्हॉल्व्ह हाताळूनही तिची हौस फिटत नसे. या वर्षी तिने घरी बिअर करायचं मनावर घेतलं होतं, आणि तेही तयार यंत्र न आणता. तिने हॉटेलवाल्याकडून जुनं, अवाढव्य स्टीलचं पातेलं मिळवलं, तळाशी भोक पाडून तोटी बसवली आणि सगळं केलरमध्ये, म्हणजे इमारतीच्या तळघरात, चादरीखाली झाकून ठेवलं. चादर सासऱ्यांमुळे. तिच्या नवऱ्याचे, नीलचे बाबा, पद्माकरराव, मिरजेहून उन्हाळ्यापुरते आले होते आणि त्यांनी आयुष्यात सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलेलं नव्हतं.

शनिवारी ते सायकलचा पंप शोधायला खाली गेले आणि वर आले ते खुशीतच.

"अगं, बंब केलास आणि बोलली नाहीस? अंघोळीच्या पाण्याचा बंब!"

ऊर्मिलाला चहाचा ठसका लागला. "हो बाबा... तसंच काहीसं."

संध्याकाळपर्यंत पद्माकररावांनी पाणी गार होऊ नये म्हणून पातेल्याभोवती कॅम्पिंगची फोमची चटई गुंडाळून दोरीने घट्ट बांधली होती. त्यांचे घामेजलेले, समाधानी डोळे पाहून ऊर्मिलाला राहवेना.

"बाबा, तो बंब नाहीये. मी त्यात बिअर करणार आहे. तुम्हाला सांगायला जीभच रेटली नाही."

पद्माकरराव पायरीवर बसले. आता हे बॅग भरायला घेतात की काय, असं तिला वाटलं.

"मग चटई सोडू?" त्यांनी विचारलं.

"नको! उलट हवीच आहे. भरडलेलं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, पाण्यात बराच वेळ एकसारखं गरम ठेवावं लागतं."

"मग असू दे. पिणार नाही मी, पण जोडायला काय हरकत आहे?" ते उठले. "फक्त तुमच्या त्या होफफेस्टला सगळी बिल्डिंग अंगणात जमणार, तेव्हा मी काय पाण्याचा ग्लास धरून उभा राहू? मलाही काहीतरी फसफसणारं कर."

"कोम्बुचा करू. आंबवलेला चहा. पण त्यातही दारूचा नावापुरता अंश असतो हं."

"आंबवलेल्या पिठात नसतो वाटतं?"

दोघं हार्डवेअरच्या दुकानात गेले. पद्माकररावांनी चकचकीत पितळी तोटी उचलली.

"बाबा, आंबट चहा पितळ खातो. दही लावतो का आपण पितळेत?"

"छे!" त्यांनी ती मुकाट्याने ठेवली. मग रुंद तोंडाची काचेची बरणी, तिला स्टीलची तोटी आणि वर बांधायला जाड सुती कापड असं ठरलं.

उकळलेली बिअर झटकन गार करायला तांब्याच्या नळीचं वेटोळं हवं होतं. वाकवताना ती चेपू नये म्हणून दोघांनी तिच्यात बारीक मीठ ठासलं आणि प्रेशर कुकरभोवती हळूहळू गुंडाळली. मीठ धुऊन काढलं आणि अंगणातल्या नळाला पाइप जोडून ऊर्मिलाने पाणी सोडलं. फटकन जोड निसटला! फवारा थेट बाकावर पेपर वाचणाऱ्या शेजारीण फ्राउ क्रूझवर.

ऊर्मिला माफी मागत धावली. म्हाताऱ्या फ्राउ क्रूझनी चष्मा पुसला आणि खो-खो हसत सुटल्या. "गेनाऊ! अगदी असंच! माझ्या नवऱ्यानेही पाइप जोडताना पहिल्यांदा मलाच भिजवलं होतं." त्या आत जाऊन त्याचा पाइप आवळायच्या क्लिपांचा डबा घेऊन आल्या. पद्माकररावांना जर्मन येत नव्हतं, फ्राउ क्रूझना मराठी. दोघांनी खुणांनीच क्लिप आवळली. पुन्हा नळ सोडला. एक थेंब गळला नाही. पद्माकररावांनी टाळ्या पिटल्या.

होफफेस्टला बिअर जरा गढूळच झाली होती, पण नीलचा ग्लास रिकामा राहिला नाही. बरणीपुढे तर मुलांची रांग लागली. पद्माकरराव बाह्या सरसावून "आल्झो, बिटे!", म्हणजे 'हं, घ्या!', म्हणत प्रत्येकाला आल्याचा कोम्बुचा भरून देत होते. फ्राउ क्रूझनी दोन्हींची चव घेतली आणि दुसऱ्यांदा ग्लास पुढे केला तो पद्माकररावांसमोर.

"बघितलंस?" पद्माकरराव अंगणापलीकडून ओरडले. "माझा माल जास्त खपतोय!"

ऊर्मिला आपला ग्लास उंचावून पोट धरून हसत राहिली.