पिवळीने लपवलेलं पाणी

मी पिवळी. दोन माणसं बसतील अशी प्लास्टिकची कयाक. बेटावरच्या खारफुटीतून पाहुण्यांना हिंडवणं हा माझा धंदा होता. बसा माझ्यावर, संकोच नको. आता मी ऑफिसबाहेर पालथी आहे, बुडायची भीती नाही.

साच्यातून निघाले तेव्हा लिंबासारखी पिवळीधमक होते. आठ जणींत पाहुण्यांचं बोट आधी माझ्याकडे जायचं. रंगावर भाळणारं गिऱ्हाईक पाहून पाहून मलाही जरा चढलंच.

आम्हाला काका नेत. बावीस वर्षं वाटाड्याचं काम. मुळांच्या जाळीतली कुठली वाट ओहोटीला बंद होते, सगळं पाठ. रोज सकाळी किनाऱ्याच्या उतारावर ते प्रत्येकीच्या नाकावर टकटक करत, कलिंगड घेताना करतात तसं. पोकळ वाजली तर पाण्यात, जड वाजली तर शेडमागे दुरुस्तीला. आणि शेडमागून कोण परत येतंय? तिथली हिरवी पाच वर्षं पडून होती.

पोटातलं पाणी काढायचं माझं मागचं बूच सैल झालं होतं. पोटात पाणी झिरपतंय हे मला कळत होतं. पण उतारावर पाणी मागे साचे आणि नाक कोरडं वाजे. एका सकाळी काकांनी मला पाण्याकडे ओढलं, तेव्हा जरा कलले असते तरी खळखळ ऐकू गेली असती. मी अंग चोरून गप्प राहिले.

त्या दिवशी शिवणकाम करणाऱ्या एक बाई लेकीबरोबर आल्या होत्या. पाण्याला भ्यायच्या. लेक म्हणत होती, आई, जन्म मशीनवर वाकून गेला, एकदा मान वर करून झाडं तरी बघ. काकांनी शब्द दिला, "ताई, पिवळीत बसा. पायाचं बोट ओलं होणार नाही."

अर्ध्या वाटेपर्यंत सगळं गोड चाललं. मुळांचा गुंता पाहून बाई म्हणाल्या, हे कुणीतरी घाईत शिवलेलं दिसतंय. लेक हसली, आणि तेवढ्यात माझं भरलेलं शेपूट पाण्यात बसलं. मी उलटले. पाणी कमरेएवढंच होतं. पण बाईंनी घाबरून मूळ धरलं आणि त्यावर चिकटलेल्या कालवांच्या शिंपल्यांच्या धारेनं तळहात चिरला. उजवा. कात्री धरायचा.

काकांनी डोक्याचा रुमाल सोडून बांधला. लेक त्यांना नको नको ते बोलली. ते एवढंच म्हणाले, "चूक माझी, पोरी. मी नाकावर वाजवलं, मागे नाही."

त्यांचा परवाना कुणी काढून घेतला नाही. त्यांनी स्वतःच वल्हं ठेवलं. आता खिडकीत बसून तिकिटं फाडतात.

दोन महिन्यांनी बाई पुन्हा आल्या. तळहात दाखवून म्हणाल्या, "डॉक्टरांनी टाके वाकडे घातलेत. चला, राहिलेली वाट दाखवा."

"दुसरा वाटाड्या देतो, ताई. माझ्या शब्दावर आता माझाच भरवसा नाही."

बाई वाद घालत बसल्या नाहीत. त्या माझ्यावर येऊन बसल्या, तोच तळहात माझ्या पाठीवर टेकून, ओहोटी लागेपर्यंत वाट पाहत. मग गेल्या. इतकी जड मी पाण्यानं भरले होते तेव्हाही नव्हते.

तुम्ही चार ठिकाणी व्यवहार करणारी माणसं. कुणी नाकावर वाजवून विचारलं, तर बुडाशी काय साचलंय तेही सांगून टाका. शेडमागे जावं लागलं तरी चालेल.

काका रोज सकाळी खिडकी उघडण्याआधी मला वाजवून बघतात. आता दोन्ही टोकांना. दोन्हीकडे मी कोरडी वाजते.