लेम्पीच्या गळ्यातलं बूच

हसा मित्रांनो, खुशाल हसा! मी एक जुनं बूच आहे. पितळी, अंगठ्याएवढं, अंगावर गोल गोल आटे असलेलं. पण बाटलीचं नव्हे हं, बोटीचं! बोटीच्या मागच्या बाजूला, अगदी तळाशी एक भोक असतं. ते मी बंद करतो, म्हणून बोट तरंगते. आता हसून दाखवा!

मिनेसोटाच्या उत्तरेला, जिथे एप्रिल संपत आला तरी सरोवरावर बर्फ असतो, तिथे मी एकतीस उन्हाळे काढले. माझी मालकीण लेम्पी निस्कानेन. तिची बोट करड्या पत्र्याची, जागोजागी पोचे आलेली. आमच्याकडे बोट रस्त्यानं नेताना बूच काढावंच लागतं. एका सरोवराचं पाणी आणि त्यातली कीड दुसऱ्यात जाऊ नये, म्हणून. तेव्हा लेम्पी मला दोरीत ओवून गळ्यात घालायची. सोन्याची साखळी कपाटात आणि मी गळ्यात! एकतीस वर्षांत मी बोटीत चमचाभरही पाणी येऊ दिलं नाही. हे मी मान ताठ करून सांगतो. मला मान नाही, पण तरीही!

मग लेम्पीचे गुडघे कुरकुरू लागले. तिचा मुलगा आर्नी म्हणाला, "आई, आता गादीच्या खुर्च्यांची बोट घेऊ." नवी बोट आली. लालभडक, नुसती चकचकीत! जुनी विकली गेली. लेम्पीनं घेणाऱ्याला दुकानातलं कोरं बूच दिलं आणि मला ठेवून घेतलं.

"आई, नव्या बोटीला तिचं स्वतःचं आट्यांचं प्लास्टिकचं बूच आहे. हे कशाला?" आर्नी म्हणाला.

"शोभेला," असं म्हणून तिनं मला स्वेटरच्या आत सोडलं. शोभेला! मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू.

मे महिन्यातला तो शनिवार आला. त्या दिवसापासून वॉलाय मासा धरायची परवानगी मिळते आणि अख्खं गाव धक्क्यावर लोटतं. तिथे कुणी कुणाला 'कसा आहेस?' विचारत नाही.

"बूच लावलं का रे आर्नी?" शेजारचा गॉर्डी रांगेतून ओरडला.

"नवी बोट आहे ही! तुझ्या डब्यासारखी नाही!"

"लावलंयस ना?" लेम्पीनं हळूच विचारलं.

"दुकानदारानं लावलंय गं. तू बस बघू."

दुकानदारानं ते कागदांच्या पाकिटात घालून दिलं होतं. आणि पाकीट होतं घरी, स्वयंपाकघरात!

गंमत बघा, बोट वेगात असली की पाणी त्या भोकातून बाहेर ओढलं जातं. थांबली की आत येतं. आर्नीनं सरोवराच्या मध्यावर बोट थांबवली. थोड्याच वेळात लेम्पीच्या गळाच्या काठीची कमान झाली.

"वॉलाय आहे! दणकट आहे रे!"

"सावकाश, आई!"

"आर्नी, माझे मोजे का ओले झाले?"

आर्नीनं खाली पाहिलं. पाणी घोट्यापर्यंत आलं होतं. त्यानं धावत जाऊन इंजिन सुरू केलं, ते नुसतं खोकलं आणि गप्प झालं. बर्फ वितळून जेमतेम तीन आठवडे झाले होते. असल्या पाण्यात माणूस फार वेळ टिकत नाही.

लेम्पीनं काठी त्याच्या हातात कोंबली. "हा सुटला, तर घरी पोहत ये!" आणि ती बोटीच्या मागच्या कडेवर चक्क पालथी झोपली. मला गळ्यातून ओढलं, हात बाहेरून खांद्यापर्यंत पाण्यात घातला. बाप रे, काय ते गार पाणी! माझे आटे इथे बसतील का? पहिल्या फेऱ्याला मी अडलो. तिनं मला उलटं फिरवलं, पुन्हा लावलं. मी तिला दिसत नव्हतो, पण तिची बोटं मला ओळखत होती. एक फेरा, दोन, तीन... घट्ट!

पुढचा तासभर दोघं कॉफीच्या कपानं आणि आर्नीच्या टोपीनं पाणी उपसत होते. मग इंजिनही खोकत खोकत सुरू झालं. मासा? आला की! चांगला हातभर.

"तुझी पँट कशानं भिजली रे?" धक्क्यावर गॉर्डीनं विचारलं. आर्नीचे कान लाल झाले.

"मासा मोठा होता, गॉर्डी," लेम्पी म्हणाली. "फार पाणी उडवलं मेल्यानं."

आता त्या लाल बोटीत माझीच जागा आहे, बरं का! म्हणून हक्कानं सांगतो, मित्रांनो. 'कुणीतरी लावलं असेल' असं म्हणून निघू नका. खाली वाका, बोटांनी चाचपून पाहा. वर्षातून एकदा मला थोडं वंगण लावा. बाकी पाण्याचं मी बघतो.