दुरुस्त केलेले ठोके

हृदयाचे ठोके मोजून त्यांतील बिघाड ओळखणारी यंत्रे बनविणाऱ्या कारखान्यात मी सर्किटे जुळवितो. प्रत्यक्ष जोडणीपूर्वी प्रत्येक सर्किट संगणकावर चालवून पाहावे लागते. त्याकरिता संगणकात काही तयार लहरी असतात. परंतु मनुष्याच्या हृदयाच्या ठोक्यांसारखी लहर त्यांत नसते. ती स्वतःच घडवावी लागते. कोणत्या क्षणी किती व्होल्ट, अशी हजारो ओळींची यादी करावयाची आणि ती सर्किटास पुरवावयाची.

म्हणून तीन महिन्यांपूर्वी मी थोरल्या बंधूंच्या छातीस तारा चिकटवून एका मिनिटाची नोंद घेतली. दादा सुतारकाम करतात. स्वस्थ बसणे त्यांच्या स्वभावातच नाही. "माझं काळीज तुझ्या डब्यात गेलं, आता तुझ्या वहिनीला काय दाखवू?" असे ते म्हणाले. त्यावर वहिनींनी आतूनच विचारले की, होते कधी ते दाखवायला?

चाळिसाव्या सेकंदास सलग चार ठोके घाईघाईने व वेडेवाकडे उमटले. हललास म्हणून मी दादांना दटावले.

"नाही रे, हललो नाही मी."

मी तिकडे लक्ष दिले नाही.

कारखान्यात नेमके त्या चार ठोक्यांपाशी माझे सर्किट मोजणीत चुकू लागले. दुसऱ्या दिवशी साहेबांना काम दाखवावयाचे होते. दोष सर्किटात शोधावयाचा, तो न शोधता मी यादीची दुसरी प्रत केली, तीतून त्या ओळीच काढून टाकल्या आणि त्या जागी आधीचे नीटस ठोके नकलून बसविले. मोजणी बिनचूक आली. साहेबांनी पाठ थोपटली. त्या आलेखाची एक सुबक प्रत मी दादांना भेट दिली. वहिनींनी ती कपाटाच्या दारावर चिकटविली.

परवा रंधा मारता मारता दादा कोसळले. इस्पितळात नेईपर्यंत ते शुद्धीवर आले होते आणि तपासणीत ठोकेही सरळ आले. पूर्वीची काही नोंद आहे काय, असे डॉक्टरीणबाईंनी विचारताच वहिनींनी कपाटावरून काढून आणलेली ती प्रत पिशवीतून मोठ्या विश्वासाने पुढे केली. बाईंनी ती निरखून पाहिली. हृदय तेव्हाही ठणठणीत होते, हा थकवाच दिसतो, संध्याकाळी घरी न्यावे, असे त्या म्हणाल्या. वहिनींनी कृतज्ञतेने माझ्याकडे पाहिले. ती दृष्टी मला सोसवेना.

"बाई, तो कागद खरा नाही," मी म्हणालो. "मधले ठोके मी बदललेत."

मूळ यादी कारखान्यातील संगणकात तशीच होती. धावत जाऊन मी तिचा आलेख आणला. बाईंनी त्या चार ठोक्यांवर बोट ठेवले आणि घरी सोडण्याचा कागद फाडला.

"भावजी, तीन महिने हे आमच्या कपाटावर होतं," वहिनी म्हणाल्या.

साहेबांना सांगणे अद्याप बाकी आहे. वाकडे ठोके ओळखावेत, एवढ्याचसाठी तर ते यंत्र.

परिचारिकेने दादांच्या छातीस पुन्हा तारा चिकटविल्या आणि हलू नका असे बजावले. दादांनी मान न वळविता, केवळ डोळे माझ्याकडे वळविले.

"तेव्हाही हललो नव्हतो," ते हळूच म्हणाले.