पायातल्या चांदीचं वजन

मित्रांनो, मी कळंबजवळच्या एका आरोग्य उपकेंद्रातला जुना वजनकाटा आहे. कारखान्यात पोटात स्प्रिंग बसली तेव्हापासून खरं सांगणं एवढंच मला येतं, आणि त्याचा मला थोडा गर्वही आहे. पुढे रंग उडाला, काच तडकली आणि मी औषधांच्या खोक्यांखाली धूळ खात पडलो. नवीन सिस्टर वैष्णवीताई आल्या, त्यांनी मला पुसून पुन्हा कामाला लावलं.

तांड्यावरची उज्ज्वला चौथ्या महिन्यात आली, तेव्हा चव्वेचाळीस किलो भरली. पोटात जुळी होती. ते कळताच तिच्या सासूने, जमनीबाईने, हौसेने आपली चांदीची जाडजूड कडी सुनेच्या पायांत घातली आणि बाळंतपणापर्यंत उतरवायची नाहीत, असं बजावलं. पाचव्या महिन्यात मी साडेपंचेचाळीस दाखवले. सिस्टर खूश झाल्या. मी मात्र नुसता चरफडलो. वाढलेला दीड किलो चांदीचा होता, आणि ते सांगायला मला तोंड नव्हतं.

सहाव्या महिन्यात आकडा तेवढाच! सिस्टरांनी वाकून पाहिलं, साडीखालची कडी काढायला लावली. काटा चव्वेचाळीसवर आला. त्या सोबत आलेल्या जमनीबाईकडे वळल्या.

"मावशी, दोन महिन्यांत पावभरही वाढलं नाही! जेवते का नाही हे?"

"मीच कमी देते तिले," जमनीबाई म्हणाली. "पोट तं पाहा केवढं! लेकरं मोठे झाले तं मोकळी कशी होईन?"

"पोट दोघांमुळं मोठं दिसते, मावशी. लेकरं हाडकुळे झाले तं जगवणं कठीण जाईन. जुळ्याच्या मायचं वजन नऊ महिन्यांत सोळा-सतरा किलो तरी वाढाले पाहिजे."

जमनीबाईने उतरवलेली कडी पदरात बांधली. "म्हणजे लेकरायचा घास मीच काढला काय?"

मला तिचा राग होता, पण त्या क्षणी तिची कीव आली.

त्यानंतर उज्ज्वलेच्या ताटात भाकरीबरोबर घट्ट वरण आणि अंडं आलं, मधल्या वेळी शेंगदाणे आले. दर पंधरवड्याला सासूच तिला घेऊन यायची. आठव्या महिन्याअखेरीस मी कड्यांशिवाय बावन्न दाखवले. यवतमाळच्या दवाखान्यात दोन मुली झाल्या, एक सव्वादोन किलोची, दुसरी दोनची. दोघीही खणखणीत रडल्या म्हणे.

मित्रांनो, मला अधूनमधून पुसत जा. आणि घरात कोणी पोटुशी असेल, तर तिच्या पोटाकडे बघून अंदाज बांधू नका, तिच्या ताटात डोकावा. मी फार तर आकडा दाखवीन. भाकरी तुम्हालाच वाढावी लागेल.