पाच हजारांच्या वरची शीळ

बाबांच्या लाल कूपेतून, त्या दोन दारांच्या छोट्या गाडीतून, एकूण नऊ वस्तू निघाल्या. करिष्माने त्या पोर्चमधल्या बाकावर ओळीने मांडल्या: टायरची हवा मोजायचं एक यंत्र, नट आवळायचे दोन पाने, तीन फ्यूज, उन्हाने पिवळा पडलेला एक नकाशा, चष्म्याचं रिकामं घर आणि संत्र्याची वाळून कडक झालेली एक साल. बाकी गाडीत काही नव्हतंच. मागची सीट नव्हती, स्टेपनी नव्हती, रेडिओ नव्हता, पायाखालचं मॅटिंगही नव्हतं. ते सगळं बाबांनी अठरा वर्षांत एकेक करून काढलं होतं आणि प्रत्येक वस्तू लाकडाच्या टालीतल्या वजनकाट्यावर तोलून मगच माळ्यावर टाकली होती.

"झालं का वं?" गोपाळरावांनी पायरीवरून विचारलं. विचारलं म्हणजे गर्जना केली. लकडगंजातल्या या घराला लागूनच त्यांची टाल आणि लाकूड कापायची आरामशीन होती. चालू मशीनच्या वर ओरडून बोलायची सवय घरातल्या प्रत्येकाला लागली होती, ती रविवारी मशीन बंद असतानाही सुटत नसे.

"झालं. बाबा, अजूनही विचार करा. काहून विकून राहिले तुम्ही हिला?"

"मेली ती. मेलेली गाडी ठेवून काय करू?"

भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून करिष्मा आठवड्यापूर्वीच पुण्याहून परतली होती. आली तेव्हा लाल कूपेच्या शेजारी ही दुसरी गाडी उभी होती. काळी, रुंद, आठ सिलिंडरची, साडेचारशे अश्वशक्तीची. कूपे नऊशे चाळीस किलोची. ही अठराशेची. गाडीला ताकद नको, फक्त वजन नको, हे बाबांचं वाक्य ती लहानपणापासून ऐकत आली होती. त्या माणसाने जवळजवळ दुप्पट वजन विकत घेतलं होतं आणि हलकी गाडी काटोलच्या जितेंद्रला देऊन टाकायचं ठरवलं होतं. जितेंद्र संत्र्यांचा व्यापारी. तो आज बसने येणार होता आणि कूपे चालवत घरी नेणार होता.

ज्या गाडीत बसून ती पहिल्यांदा गिअर टाकायला शिकली, ती गाडी जेवणाच्या वेळेपर्यंत जाणार होती. ते तिला नको होतं. पण त्याहून जास्त तिला कारण हवं होतं.

"मेली म्हणजे नेमकं काय झालं?"

"आवाज गेला तिचा. पहिले पाच हजार आरपीएमच्या वर गेली का शीळ घालायची. आता नुसतीच पळते, मुकी. मधुकररावाकडं चारदा नेली. त्यानं प्लग बदलवले, नळ्या बदलवल्या. म्हणते, काहीच खराब नाही. काहीच खराब नाही म्हणजे काय? इंजिन थकलं."

आतून कौशल्याबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"अठरा वर्षं झाली, दोघांची गाडी दोघांची गाडी ऐकून राहिली मी. दोघं म्हणजे हे अन् ती गाडी! आता तिच्या जागी हा रेडा आणला."

"रेडा बोलते तरी," गोपाळराव म्हणाले.

"तो बोलते अन् खिडकीच्या काचा थरथरून राहिल्या."

तेवढ्यात जितेंद्रचा फोन आला. बस गणेशपेठच्या स्टँडवर पोचली होती. गोपाळरावांनी काळ्या गाडीची चावी उचलली. करिष्मा त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

गाडी सुरू झाली तेव्हा तिला आधी पाठीत कळलं आणि मग ऐकू आलं. हा क्रम तिला गमतीचा वाटला. तिने हात दारावर टेकवला, मग सीटच्या कडेवर, मग डॅशबोर्डवर. सीटमध्ये थरथर सगळ्यात जास्त होती. कूपेत बसलं की रस्ता कळायचा, डांबराचा प्रत्येक जोड कळायचा. इथे रस्ता कुठेतरी खाली राहून गेला होता. फक्त इंजिन कळत होतं. बाबांनी पाय दाबला तेव्हा गाडीचं नाक उचललं गेलं आणि सगळं वजन मागे बसलं.

"समजलं?" बाबांनी छातीवर हात मारला. "इथं बोलते."

त्यांचा चेहरा उजळला होता. असा चेहरा तिने कूपेत पाहिला होता, लहान असताना.

सेंट्रल अॅव्हेन्यूवर सिटीबसला ओलांडताना त्यांनी इंडिकेटर लावला. बस मागे गेली. टक, टक, टक. सिग्नल आला, गेला. टक, टक. मागचा स्कूटरवाला हॉर्न वाजवून काहीतरी ओरडला. करिष्माने हात लांब करून दांडी खाली केली.

"राहिला वाटते," बाबा म्हणाले.

परतताना जितेंद्र मागे बसला होता. तिशीतला, बोलका, मांडीवर संत्र्यांची पिशवी.

"काका, ही घेतली म्हणजे जोरात आहे काम. पण खरं सांगू का, काटोलच्या रस्त्यानं तुमची लाल जाताना मी शाळेत होतो तवापासून पाहून राहिलो. आवाजावरूनच समजायचं. आम्ही पोरं म्हणायचो, आली शीळवाली."

"आता नाही वाजत ती. आधीच सांगून ठेवतो, मागून म्हणू नको."

"नाही वाजली तर मी वाजवीन ना तोंडानं."

गोपाळराव हसले नाहीत. मागच्या सीटवरून आलेलं ते वाक्य त्यांच्यापर्यंत पोचलं नसावं, असं करिष्माला वाटलं. गाडीचा आवाजही होताच.

घरी आल्यावर तिने जितेंद्रला आईच्या हवाली केलं. पोह्यांची बशी त्याच्या हातात पडली होती.

"भाऊ, अर्धा तास द्या. देण्याआधी एकदा चालवते."

"दोनदा चालवा ताई. पोहे भरपूर आहेत."

"बाबा, तुम्ही चला सोबत."

"मी काय करू? मले नाही ऐकवत तिचं मुकं तोंड."

"मला मोजायचं आहे. स्टॉपवॉच कोण धरणार?"

मोजायचं म्हटल्यावर ते उठले. त्या शब्दाला त्यांनी कधी नाही म्हटलं नव्हतं.

पारडीच्या पुढे भंडारा रोड मोकळा झाला. तिने एका सरळ पट्ट्याच्या सुरुवातीला गाडी कडेला थांबवली, मागे पाहिलं. बारावीच्या सुट्टीत तिने इथेच ही गाडी मोजली होती. शून्य ते ऐंशी, साडेसहा सेकंद. इंजिन थकलं असेल तर आकडा वाढायला हवा. हे तर सरळ होतं. तिने फोन डॅशबोर्डच्या खाचेत अडकवला. आवाजाचा आलेख काढणारं एक अॅप त्यात होतं, कॉलेजात तंबोऱ्याच्या तारेवर प्रयोग करताना घेतलेलं.

"तयार?"

"हो. हाण."

पहिला गिअर, दुसरा. काटा चार हजारांवरून वर सरकला, साडेचार, पाच. आणि मग इंजिनच्या घरघरीवर एक बारीक, टोकदार आवाज उभा राहिला. कुणीतरी लांबून दोन बोटं तोंडात घालून शीळ घालावी तसा. तो जोर धरत गेला आणि तिच्या दंडावर काटा आला. सहा वर्षांनी ऐकत होती ती. जशीच्या तशी.

ती हसत बाबांकडे वळली.

"ऐकलं?" गोपाळराव म्हणाले. "पाह्य. काहीच नाही."

त्यांनी स्टॉपवॉच तिच्यासमोर धरलं. सहा पूर्णांक सहा.

तिने पाय उचलला. शीळ विरली. मागून एक ट्रक येऊन पुढे निघून गेला. काही वेळ तिने गाडी तशीच संथ जाऊ दिली.

"काय झालं वं? आकडा तर बराबर आहे."

"परत करून बघू," ती म्हणाली. "एकदा मोजलेलं खरं नसतं."

पुढच्या वळणावरून परत फिरून तिने दुसऱ्यांदा केलं. पाच हजारांवर शीळ वाजली. या वेळी ती रस्त्याकडे पाहत राहिली आणि बाबांकडे फक्त डोळ्यांच्या कोपऱ्यातून. त्यांनी मान पुढे काढली होती, डोळे बारीक केले होते, अंधारात काही शोधणाऱ्या माणसासारखे. मग त्यांनी मान मागे टेकली आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

फोनच्या पडद्यावर घरघरीची जाड पट्टी होती आणि तिच्यापासून बऱ्याच उंचीवर एक स्वच्छ रेघ. चौतीसशे हर्ट्झ. दोन्ही वेळा.

परतीच्या वाटेवर, वर्धमाननगरच्या सिग्नलवर तिने सहज विचारावं तसं विचारलं, "आरामशीनवर तुमची खुर्ची अजून त्याच बाजूला आहे का? डावीकडे करवतीचं पातं?"

"तिथंच. काहून?"

"काही नाही."

पोर्चमध्ये जितेंद्र तिसऱ्यांदा चहा घेत होता. गोपाळरावांनी तिच्या हातातून चावी घेतली आणि त्याला दिली. देताना क्षणभर मूठ उघडली नाही, मग उघडली.

"सांभाळून चालव गा. वजन टाकू नको तिच्यात. पिशवी संत्र्यांची, तेवढी चालते."

"बाबा," करिष्मा म्हणाली, "एक मिनिट बसा. डोळे मिटा. आवाज आला की बोट वर करायचं."

"हा कायचा खेळ?"

"खेळ नाही. प्रयोग आहे."

"प्रयोग असन तर बसतो." ते बाकावर त्या नऊ वस्तूंच्या शेजारी बसले, हात गुडघ्यावर ठेवले, डोळे मिटले.

तिने फोनवर एकच सूर काढणारं अॅप उघडलं. पाचशेला बोट लगेच वर आलं. हजारालाही. दोन हजारांना ते हललं, थबकलं आणि मग अर्धवट उठलं. तिने आकडा चार हजारांवर नेला. बोट गुडघ्यावर होतं. तिने आवाज पूर्ण वाढवला.

"ओ ताई!" जितेंद्रने कप ठेवून दोन्ही कानांत बोटं घातली. "बंद करा ना ते. दात शिवशिवून राहिले माहे."

कौशल्याबाई दारात आल्या. "कुकर आहे का कुठं? काय वाजून राहिलं हे?"

"लाव ना वं," मिटल्या डोळ्यांनी गोपाळराव म्हणाले. "किती वेळ बसवतं?"

त्यांनी डोळे उघडले. आधी त्यांना बायको दिसली, कपाळाला आठ्या घातलेली. मग जितेंद्र, कानांत बोटं घातलेला. मग मुलीच्या हातातला फोन. पडद्यावर आवाजाची पट्टी शेवटपर्यंत भरलेली होती.

ते बराच वेळ जितेंद्रच्या कानांकडे पाहत होते.

करिष्माने सूर बंद केला. जितेंद्रने बोटं काढली. काय झालं ते त्याला नेमकं समजलं नसावं, पण काहीतरी समजलं होतं. त्याने चावी हळूच लाल गाडीच्या बॉनेटवर ठेवली.

"दुपारची बस आहे मले, काका," तो म्हणाला. "आज राहू द्या. तुम्ही बोलवसान तवा येईन."

"बस गा," गोपाळराव म्हणाले. "जेवून जा."

मग त्यांनी बाक पुढे ओढला. फ्यूज खाली पडले. ते उचलायला कुणी वाकलं नाही.

"ती शीळ किती नंबरची?"

"चौतीसशे."

"आज वाजली?"

"दोन्ही वेळा, बाबा."

"अन् मधुकररावानं चारदा खोलली तिले," ते म्हणाले. ओठांच्या कडेला हसू येतं की काय असं वाटलं, पण आलं नाही. त्यांनी एकदा टालीच्या भिंतीकडे पाहिलं. तिच्यापलीकडे मशीन आज बंद होतं.

"असा नाही होत प्रयोग," ते म्हणाले. आवाज नेहमीपेक्षा कमी होता, बाकीच्या घरांत बोलतात तेवढा. "पाचशे, हजार, दोन हजार, चार हजार. मधलं सगळं सोडून दिलं तू. चार हजारावरून खाली ये, पन्नास-पन्नासनं. अन् एकेक कान घे. दुसरा मी दाबून धरतो."

"मधेमधे आवाज बंदही ठेवीन मी. न सांगता."

"ठेवच. नाही तर अंदाजानं बोट वर करीन मी."

कौशल्याबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. जितेंद्रने मानेनेच विचारलं आणि पुन्हा कानांत बोटं घातली. गोपाळरावांनी डाव्या कानावर तळहात दाबला आणि डोळे मिटले.

करिष्माने चार हजारांपासून सुरुवात केली.

उजव्या कानाला बोट सव्वीसशे पन्नासला वर आलं. डाव्याला, पात्याच्या बाजूच्या, अठराशेला.