चांदणीवरची माणसं आणि आमची उघाडी

कमळाकर मास्तरला मी शहाणा समजले, तिथंच सगळं बोंबललं. पनवेलात त्याच्या ओट्यावर मी भाजीची पाटी उतरवायची. तो वांगी घ्यायचा चार आणि गप्पा मारायचा पाटीभर. रशियानं आभाळात तो गोळा सोडला, त्या साली मास्तर कादंबरी लिहायला बसला होता. दूरच्या चांदणीवरची माणसं यंत्रात बसून येतात आणि खाडीकाठचं एक गाव गिळायला बघतात, अशी कादंबरी. गाव आमचंच.

मी पहिल्याच दिवशी विचारलं, बाजू कुणाची? मास्तर म्हणाला, तुमची, सगळं तुमच्या डोळ्यांनी दिसेल. मी हरखले हो! चिखलात राबणाऱ्या बाईचे डोळे पुस्तकात कोण घालतंय?

मग तो विचारायचा आणि मी सांगायची. भरतीचं पाणी भातात येऊ नये म्हणून आमचा मातीचा बांध हाय. पावसाचं पाणी खाडीत सोडायला त्याला फळ्यांचं दार, ती उघाडी. बांध फुटल्याची हाळी आली की घरटी एक माणूस फावडं घेऊन धावतो. भावाभावांत बोलणं नसलं तरी धावतो. मास्तरची चांदणीवाली माणसं बांध फोडायची, गाव बुजवायचं. परत फोडायची, परत बुजवायचं. मास्तर पार टेकीला आला. एक दिवशी म्हणाला, "भामाबाई, तुम्हाला हरवायचं तरी कसं?"

मी हसले. म्हटलं, त्रिपुरी पुनवेला या. त्या दिवशी गावदेवीची पालखी निघते. ती देवळात परत टेकेपर्यंत गावात कुणी मातीला हात लावत नाय, फावडं तर लांबच. वर पुनवेचं उधाण, दुपारी पाणी बांधाच्या काठोकाठ. मास्तर एवढा खूश झाला, की मला चहा पाजला.

त्या त्रिपुरीला भात पिवळं होऊन उभं होतं. कापणी पालखीनंतर धरायची ठरलेली. पालखी वेशीपाशी होती तेवढ्यात हाळी आली, उघाडी उघडली. शेजारच्या मिठागरवाल्या शेठचा मुकादम फळ्या खांद्यावर टाकून चालला होता. लपायची पण गरज नव्हती मेल्याला. माझा नवरा बळीराम पालखीचा खांदेकरी. आमचं शेत त्याच्या डोळ्यांदेखत बुडत होतं आणि त्याला खांदा सोडता येत नव्हता. देवीला घाईघाईनं मागं फिरवलं, पण ती टेकली तोवर भातात गुडघाभर खारं पाणी. आठवड्यानं शेठचा निरोप आला, जमीन खारावली, आता भात व्हायचं नाय, मिठागराला देऊन टाका.

पालखीची रीत गावाबाहेर मी एकट्या मास्तरलाच सांगितली होती. मी पाटी न घेताच पनवेल गाठलं. मास्तरच्या टेबलावर कादंबरी छापून आलेली, कोरी करकरीत. छापून दिली होती शेठनं, मास्तरच कौतुकानं म्हणाला. मी विचारलं, ही आधी कुणाला वाचून दाखवलीत?

"दर रविवारी शेठच्या बंगल्यावर वाचन व्हायचं. पालखीचा प्रसंग त्यांना फार आवडला. असं खरंच असतं का, म्हणून दोनदा विचारलं त्यांनी."

"मग तुमी काय सांगितलंत?"

"खरंच असतं म्हणालो. खोटं कशाला बोलू?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. तरी म्हटलं, वाचा तर खरं. वाचायला लागला. गोष्ट सांगत होता चांदणीवाल्यांचा सरदार, वर यंत्रात बसून. आमी म्हणजे खाली चिखलात हलणारे ठिपके. मी म्हटलं, माझे डोळे कुठं गेले? तर म्हणे शेठनी सुचवलं, एवढं मोठं युद्ध वरूनच नीट दिसतं. आणि मग त्यानं पेन्सिल उचलली. दुसरा भाग लिहायचाय, पाणी आत शिरलं तेव्हा तुम्हाला नेमकं काय वाटलं, असं विचारलं. अरे मुडद्या! ज्याला चार महिने घरच्यासारखं सांगितलं, त्याला माझं रडूसुद्धा पुस्तकासाठी हवं होतं. मी उठून घरची वाट धरली.

जमीन कुणीच दिली नाय. पुढच्या पावसात रोपं लालसर, मरतुकडी आली, पण आली. मग गाव देवळात बसलं. देवीपुढं नारळ ठेवून ठरलं, यंदा पालखी निघेल, पण घरटी एक माणूस फावडं घेऊन बांधाआड बसेल. बळीरामनं पालखीचा खांदा सोडला. त्याच्या बापानं, आज्यानं वाहिलेला खांदा. देवळातून घरी येईपर्यंत रडत होता.

पुनवेच्या आदल्या बाजाराला मास्तर भेटला. दुसऱ्या भागाचं वाचन शेठकडं चालू हाय म्हणाला. मग हळूच विचारलं, "पालखीच्या दिवशी अजूनही कुणी फावडं धरत नाही ना?"

मी वांगी त्याच्या पिशवीत घातली. म्हटलं, "नाय धरत, मास्तर. शेठला पण सांगा."